चित्रफितीतील शिफारस कशी पारखावी : चेन्नईच्या कलिंगड प्रकरणाच्या निमित्ताने

मार्च-एप्रिल 2025 मध्ये, ऐन हंगामात, चेन्नई व परिसरातील कलिंगडाचा उठाव एकाएकी मंदावला. पिकावर रोग आला नव्हता आणि उन्हाळाही चांगलाच तापला होता. कारण एका चित्रफितीत होते. शहराच्या अन्नसुरक्षा विभागातील एका अधिकाऱ्याने कलिंगडात कृत्रिम रंग मिसळला जाण्याच्या शक्यतेविषयी सावध करून, अशी भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. कापलेल्या गरावर पातळ कागद टेकवावा आणि त्याला लाल रंग लागल्यास संशय घ्यावा, असा त्याचा आशय होता. ही चित्रफीत भ्रमणध्वनींवरून वेगाने पसरली. ग्राहकांनी कलिंगड घेणे टाळले. चेंगलपट्टू, विळुपुरम, तिरुवण्णामलई या जिल्ह्यांतील उत्पादकांचा माल पडून राहू लागला आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. अखेर तमिळनाडूच्या फलोत्पादन यंत्रणेला शेतांची पाहणी करून फळे सुरक्षित असल्याचे जाहीर करावे लागले. पुढे त्या अधिकाऱ्याची बदलीही झाली.

त्या प्रात्यक्षिकामागील शास्त्र थोडे तपासून पाहण्यासारखे आहे. कलिंगडाच्या गराचा लाल रंग लायकोपीन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही. तथापि फळ कापताना पेशी फुटतात व सूक्ष्म रंगकणांसह रस बाहेर येतो. त्यामुळे गडद गराच्या, पूर्ण पिकलेल्या फळावर कागद दाबला असता गुलाबीसर डाग उमटणे स्वाभाविक आहे. एरिथ्रोसिनसारखा पाण्यात विरघळणारा रंग असल्यास डाग अधिक भडक येईल. परंतु भडक म्हणजे किती, हे स्वयंपाकघरात ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफीच हवी. कापसाच्या बोळ्याने गर पुसून पाहण्याची अशी प्राथमिक चाचणी अन्नसुरक्षेच्या जनजागृती साहित्यातही आढळते, म्हणजे ती कोणी रचलेली थाप नव्हती. मात्र प्राथमिक चाचणीचे काम संशय नोंदवून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवणे एवढेच असते. प्रेक्षकांनी तिला निकाल मानले.

सुईने रंग टोचण्याच्या कल्पनेचेही तसेच आहे. घट्ट गरात टोचलेला द्रव सर्वत्र सारखा पसरत नाही, टोचलेल्या जागेभोवतीच साठून राहतो. सालीला छिद्र पडले की उन्हाळी तापमानात तेथूनच सड सुरू होते. गाडीभर फळांना एकेक करून सुई टोचण्याची मजुरी कोणत्या दरात परवडेल, हा हिशेब तर कोणताही कलिंगड उत्पादक उभ्या उभ्या करून दाखवील. गराच्या मध्यभागी पडणाऱ्या भेगा व पोकळी हाही अशा चित्रफितींत पुरावा म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात अपुरे परागीभवन, तापमानातील चढउतार आणि फळाची असमान वाढ यांमुळे येणारी ती एक ज्ञात विकृती आहे.

हे सर्व स्पष्टीकरण यथावकाश लोकांपर्यंत पोहोचते. अडचण वेळेची आहे. लागवडीपासून साधारण 75 ते 90 दिवसांत काढणीस येणारे हे पीक तोडणीनंतर उन्हाळ्यात फार दिवस थांबत नाही. खुलासा होईपर्यंत फळ वेलावर किंवा बांधावर सडून जाते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, या अफवेने महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांची अशीच दैना केली होती. शास्त्रीय खुलासे झाले, पण तोवर पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले होते.

प्रश्न दोन आहेत

चेन्नईच्या या प्रकरणात एक बाब सहज नजरेआड होते. ती चित्रफीत बनावट नव्हती. त्यातील व्यक्ती खरी, तिचे पद खरे, फळही खरे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरीही तिच्यातून प्रेक्षकांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. आज ‘हा व्हिडिओ एआयचा तर नाही ना?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो आणि तो विचारला पाहिजेच. परंतु त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले म्हणून चित्रफितीतील विधान खरे ठरत नाही. दृश्य अस्सल आहे काय, हा एक प्रश्न. विधान खरे आहे काय, हा दुसरा. दोहोंची तपासणी वेगळी आहे आणि शेतीच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक जड आहे.

तमिळनाडूतील आणखी काही घटना शेजारी ठेवल्या की हा भेद स्पष्ट होतो. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात चेन्नईच्या पेरुंगळत्तूर भागात रात्री रस्ता ओलांडणाऱ्या मगरीची चित्रफीत फिरली. शहराच्या रस्त्यावर मगर हे दृश्य इतके अविश्वसनीय वाटत होते, की ते बनावट म्हणून सोडून देणे सोपे होते. प्रत्यक्षात ते खरे होते. चेन्नईच्या आसपासच्या जलाशयांत मगरींचा वावर असल्याचे राज्याच्या पर्यावरण विभागाच्या वरिष्ठ अधिकारी सुप्रिया साहू यांनी सांगितले आणि लोकांना न घाबरण्याचे आवाहन केले.

त्याच वर्षी मार्चच्या आरंभी तमिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याचे सांगणाऱ्या चित्रफिती उत्तर भारतात पसरल्या होत्या. राज्याचे तत्कालीन पोलीस महासंचालक सी. शैलेंद्र बाबू यांनी स्पष्ट केले, की त्यांपैकी दोन चित्रफिती तिरुपूर व कोइम्बतूर येथील आधीच्या घटनांच्या होत्या. एकीत बिहारच्याच मजुरांचे दोन गट आपसांत भांडत होते आणि दुसरीत स्थानिक रहिवासी. मारामारी खरी होती, तिचा मथळा खोटा होता. तरीही मजुरांमध्ये घबराट पसरली आणि बिहार सरकारला अधिकाऱ्यांचे पथक तमिळनाडूत पाठवावे लागले.

याउलट जानेवारी 2024 मध्ये एका पुस्तक प्रकाशन समारंभात पडद्यावर एम. करुणानिधी बोलताना दिसले. त्यांचे निधन 2018 मध्येच झाले होते. ही चित्रफीत चेन्नईतील एका कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केली होती. सभागृहातील प्रत्येकाला ते ठाऊक असल्याने तेथे कोणाची फसवणूक झाली नाही. मात्र दिवंगत नेत्याचा चेहरा व आवाज इतक्या सहजपणे उभा करता येतो, हे त्यातून सर्वांना दिसले. त्याच महिन्यात मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या चेहऱ्याचा व आवाजाचा वापर करून एका गेमिंग अॅपची जाहिरात करणारी बनावट चित्रफीत पसरली आणि त्यांना स्वतः तिचा इन्कार करावा लागला. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारानेही आपले व्यवस्थापकीय संचालक आशिषकुमार चौहान यांच्या तोंडी गुंतवणुकीचे सल्ले घातलेल्या चित्रफितींबाबत सावध केले. फसवणुकीसाठी निवडले जाणारे चेहरे लोकांच्या विश्वासातले असतात. उद्या त्या जागी कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, कृषी विज्ञान केंद्राचे विषय विशेषज्ञ किंवा तालुक्यात सर्वपरिचित असलेले एखादे आदर्श शेतकरी दिसणार नाहीत, असे मानण्यास काही आधार नाही.

दृश्य न्याहाळण्याची मर्यादा

बनावट चित्रफीत ओळखण्यासाठी बोटांची संख्या मोजावी, पापण्यांची उघडझाप पाहावी, ओठ व आवाज यांचा मेळ तपासावा, अशा सूचना गेली काही वर्षे दिल्या जात आहेत. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांची उपयुक्तता दर काही महिन्यांनी घटते आहे. मे 2025 मध्ये गूगलने सादर केलेल्या व्हिओ 3 या प्रणालीपासून तर दृश्याबरोबर संवाद व पार्श्वध्वनीही एकाच वेळी तयार होऊ लागले आहेत. गेल्या वर्षी हमखास सापडणारी चूक यंदा सापडत नाही. ती सापडली नाही म्हणून दृश्य खरे मानण्याची सवय लागली, तर सूचनाच दिशाभूल करू लागेल.

या बाबतीत शहरी प्रेक्षकापेक्षा विस्तार कार्यकर्त्याची व शेतकऱ्याची नजर मात्र अधिक तयार असते. चित्र रचणारी प्रणाली वनस्पतीचे शास्त्र जाणत नाही. तिने पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ती संभाव्य दृश्य जुळवते. मक्याचा तुरा शेंड्यावर व कणीस पानाच्या बेचक्यात असते, तुरीचे पान तीन पर्णिकांचे असते, केळीच्या घडाच्या टोकाला केळफूल लोंबते, प्रौढ कीटकाला सहाच पाय असतात, या गोष्टी रोज पाहणाऱ्याला दृश्यातील विसंगती चटकन खटकते. लष्करी अळीची ओळख पटवताना डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेवटून दुसऱ्या उदरखंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके पाहण्याची शिफारस आहे. ज्या चित्रफितीत अळीचे नाव एक व खुणा भलत्याच दिसतात, ती एआयची असो वा निष्काळजीपणे केलेली, शिफारशीसाठी निकामीच. बटाट्यात खोचलेली आंब्याची फांदी काही दिवसांत फळांनी लगडलेली दाखवणाऱ्या चित्रफितींना तर वेगळ्या तपासणीची गरजही नसावी. तरीही त्या लाखोंनी पाहिल्या जातात आणि परसबागेत करूनही पाहिल्या जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खुणांविषयी आणखी एक सूचना. वास्तव भासणारे कृत्रिम दृश्य असल्यास तसे जाहीर करणे यूट्यूबने मार्च 2024 पासून निर्मात्यांवर बंधनकारक केले आहे. परंतु ही घोषणा निर्मात्याने प्रामाणिकपणे करावी लागते, आणि तीच चित्रफीत उतरवून व्हॉट्सअॅपवर पाठवली की यूट्यूबवरील खूण तिच्यासोबत येत नाही. ती नाही म्हणून चित्रफीत खरी ठरत नाही. व्हॉट्सअॅपवरील दुहेरी बाण मात्र उपयोगी आहे. तो दिसला की मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच वेळा पुढे सरकलेला असतो, आणि पुढे पाठवणारा ओळखीचा असला तरी मूळ बोलणारा कोण हे त्यालाही बहुधा ठाऊक नसते.

चित्रफितीबाहेर पडून तपासणे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू या संशोधकांनी 2017 मध्ये एक उद्बोधक निरीक्षण मांडले. त्यांनी 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवण्यास सांगितले. विद्वान इतिहासतज्ज्ञ आणि हुशार विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले आणि त्याच्या मांडणीला, नावाला, बोधचिन्हाला अनेकदा फसले. तथ्यतपासनीस मात्र पान उघडताच ते सोडून दुसरीकडे गेले. ही संस्था कोण, तिच्याविषयी इतरांनी काय नोंदवले आहे, हे त्यांनी आधी शोधले आणि मग मूळ पानाकडे परतले. त्यांचे निष्कर्ष अधिक अचूक होते व वेळही कमी लागला. चित्रफितीला हीच पद्धत लागू पडते. पाचव्यांदा पाहिल्याने तिच्याविषयी नवे काही कळत नाही. कळते ते तिच्या बाहेर.

एक सरावाचे उदाहरण घेऊ या. समजा, ऑगस्टअखेर एका शेतकरी गटात दीड मिनिटांची चित्रफीत आली. पांढरा अंगरखा घातलेले एक गृहस्थ, मागे प्रयोगशाळा, शुद्ध मराठी. ते सांगतात, की दोन कीटकनाशके व एक संजीवक एकत्र करून फवारल्यास कपाशीवरील गुलाबी बोंडअळी तीन दिवसांत पूर्ण नष्ट होते. शेवटी एक दूरध्वनी क्रमांक दिसतो. गटातील निम्मे सदस्य विचारतात, ‘साहेब, मारायचे का?’

येथे प्रथम चेहऱ्याकडे न पाहता विधानाकडे पाहावे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच फुलात वा बोंडात शिरते आणि पुढील बहुतेक आयुष्य आतच काढते. बाहेरून पडणारा फवारा तेथवर नीट पोहोचत नाही, म्हणूनच या किडीचे व्यवस्थापन कामगंध सापळे, वेळेवरची पाहणी आणि आर्थिक नुकसान पातळी यांवर आधारलेले आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग, अथवा दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले वा हिरवी बोंडे ही पातळी विस्तार कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. ‘तीन दिवसांत पूर्ण नष्ट’ हे वाक्य किडीच्या जीवनक्रमाशीच जुळत नाही. वक्ता खरा शास्त्रज्ञ असता तरी जुळले नसते.

दुसरी पायरी कागदाची. कोणतेही कीटकनाशक कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत व काढणीपूर्वी किती दिवस आधी वापरावे, हे कीटकनाशक कायदा, 1968 अन्वये केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडून ठरते. हीच माहिती डब्यावरील लेबलवर व माहितीपत्रकात छापलेली असते. फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण संचालनालय मान्य वापरांची यादी प्रसिद्ध करते. चित्रफितीत सांगितलेले पीक व कीड त्या यादीत नसल्यास तपासणी तेथेच थांबते. एकत्र मिश्रणाची शिफारस असेल तर ती विशेष संशयाने पाहावी, कारण दोन रसायने स्वतंत्रपणे मान्य असली म्हणून त्यांचे टाकीतील मिश्रण आपोआप मान्य होत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे चित्रफीत नव्हती. परंतु कीटकनाशकांची मिश्रणे, दाट वाढलेले पीक व संरक्षक साधनांचा अभाव ही तेव्हा चर्चिली गेलेली कारणे आजही बांधावर हजर आहेत. फवारणीविषयीची दीड मिनिटांची चूक कोठपर्यंत जाऊ शकते, हे त्या वर्षाने दाखवून ठेवले आहे.

तिसरी पायरी माणसाची. वक्त्याचे नाव व संस्था सांगितली असेल तर त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वाहिनीवर मूळ चित्रफीत आहे काय, हे पाहावे. कपाशीविषयीची शिफारस असल्यास नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि संबंधित कृषी विद्यापीठ ही पडताळणीची स्वाभाविक ठिकाणे आहेत. चित्रफितीत दाखवलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करून घेणे ही पडताळणी नव्हे. ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच साक्षीदार करणे आहे. क्रमांक स्वतंत्रपणे शोधावा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक सर्वांना उपलब्ध आहेच. दृश्य जुने वा परप्रांतातील असल्याची शंका असल्यास चित्रफीत थांबवून दोन-तीन वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्यावेत व गूगल लेन्समध्ये टाकून पाहावेत. तिरुपूरच्या भांडणासारखी जागा किंवा तारीख बदललेली दृश्ये या साध्या उपायाने बऱ्याचदा सापडतात. पूर्णतः नव्याने रचलेले दृश्य मात्र असे सापडणार नाही, कारण त्याचे मूळ कोठेच नसते. आणि शोधात काही न सापडणे हा अस्सलपणाचा पुरावा मानू नये.

एवढे करूनही निर्णय होत नसेल, पण सुचवलेला उपाय निरुपद्रवी व स्वस्त असेल, तर शेतकऱ्यांची जुनी रीत आहेच. दोन ओळींवर करून पाहावे, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवाव्यात आणि हंगामाअखेर मोजावे. रासायनिक मिश्रणांच्या बाबतीत मात्र ही मुभा नाही.

अतिसंशयाचेही नुकसान असते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. मे 2020 च्या अखेरीस विदर्भात टोळधाड आली, तेव्हा झाडे झाकून टाकणाऱ्या थव्यांची दृश्ये अनेकांच्या कल्पनेपलीकडची होती. आज तशीच चित्रफीत आली तर ‘एआयचा व्हिडिओ आहे’ म्हणून ती बाजूला टाकली जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि टोळधाडीत एका दिवसाचा उशीरही महाग पडतो. नव्या किडीची वा रोगाची चित्रफीत आल्यास ती खरी की खोटी या वादात न पडता पाठवणाऱ्याला ठिकाण विचारावे आणि तेथील कृषी सहायकाला शेतावर पाठवावे. पेरुंगळत्तूरची मगर ज्यांनी हसण्यावारी नेली असेल, त्यांना त्या रात्री घराबाहेर पडताना धोकाच होता.

नाव कोणते, गाव कोणते

शेतीविषयक चित्रफितींचा भारतातील एक अभ्यासपूर्ण प्रयोग 2006 मध्ये बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झाला आणि पुढे डिजिटल ग्रीन या संस्थेच्या रूपाने विस्तारला. त्यात स्थानिक शेतकऱ्यांनीच केलेल्या प्रात्यक्षिकांचे चित्रण करून ते गावोगावच्या लहान गटांत, चर्चा घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्याच्या उपस्थितीत दाखवले जाई. चित्रफीत पाहून शेतकरी विचारत असलेले पहिले प्रश्न या प्रयोगाचे संस्थापक रिकिन गांधी यांनी अनेकदा सांगितले आहेत : हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? तंत्राविषयीचे प्रश्न नंतर येत. प्रेक्षकांना ओळखीचा, आपल्यासारखी जमीन व आपल्यासारखे पाणी असलेला माणूस दिसला की चर्चा पुढे सरके. नाव-गाव विचारण्याची ही सवय चौकशी वाटली तरी ती पूर्ण तपासणी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या शेतकऱ्याला चेहरा असतो, फेटा असतो, बोलीही असते. ज्याच्या बांधावर जाऊन उभे राहता येईल असे गाव नसते.

ओळखीची ताकद किती असू शकते, याचे उदाहरण चेन्नईच्याच एका संस्थेच्या कामात आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी 1988 मध्ये स्थापन केलेल्या संशोधन प्रतिष्ठानाने 1998 पासून पुदुच्चेरी परिसरात ग्राम ज्ञान केंद्रे उभारली. वीरमपट्टिणम या कोळीवाड्यात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून घेऊन ध्वनिवर्धकावरून सांगितला जाई. माहिती परदेशी, परंतु सांगणारा आवाज गावातला. नल्लवाडू गावात 26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी सिंगापूरहून एका गावकऱ्याचा दूरध्वनी आला. दूरचित्रवाणीवर त्सुनामीची बातमी पाहून त्याने घरी कळवले होते. केंद्राच्या ध्वनिवर्धकावरून तत्काळ इशारा देण्यात आला. घरांची व होड्यांची हानी झाली, पण माणसे आधीच मागे सरली होती. एका ओळखीच्या आवाजावर गावाने विश्वास ठेवला, म्हणून हे घडले.

आज तो आवाजही उसना घेता येतो. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून एखाद्याच्या आवाजाची नक्कल करणारी साधने सहज मिळतात. कृषी अधिकाऱ्याच्या आवाजात ‘अनुदानासाठी ही फाइल उघडा’ असा संदेश आला आणि सोबत एपीके प्रकारची फाइल असली, तर आवाज किती हुबेहूब आहे याचा विचारच करू नये. संभाषण थांबवावे आणि स्वतःच्या वहीत आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर त्या अधिकाऱ्यांना उलट दूरध्वनी करावा. पैसे गेले असल्यास 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. शासकीय योजनांविषयीचा संशयास्पद मजकूर पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाकडे पाठवता येतो.

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरी येथेच सुरू झाले, ही नोंद सहजच येथे करावीशी वाटते. ‘करून शिकणे’ या तत्त्वावर ही केंद्रे उभी राहिली. विस्तार कार्यकर्ते आता स्वतःही चित्रफिती तयार करतात, तेव्हा त्या पाहणाऱ्याला पडताळता येतील अशा असणे हे त्याच तत्त्वाला धरून होईल. आरंभीच्या अर्ध्या मिनिटात शेतकऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, गाव, तालुका, चित्रणाची तारीख, पिकाचा वाण, जमिनीचा प्रकार व पाण्याची सोय बोलून सांगावी. नुसती अक्षरे पडद्यावर टाकल्यास ती कापून टाकता येतात. संवादात गुंफलेला तपशील काढणे अवघड जाते. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या वर्षीच्या शिफारशीवर प्रात्यक्षिक आधारले आहे, तेही सांगावे. कोणत्या जिल्ह्यांसाठी ही शिफारस नाही, हे सांगणारे वाक्य तर आजवरच्या फारच थोड्या चित्रफितींत ऐकू येते. प्रथम प्रसारण संस्थेच्या अधिकृत वाहिनीवर करून गटात तिचाच दुवा द्यावा. मूळ फाइल जपून ठेवावी, म्हणजे कोणी फेरफार केल्यास तुलना करता येईल. चेन्नईतील त्या प्रात्यक्षिकात ‘डाग दिसला तरी निष्कर्ष काढू नका, नमुना तपासणीसाठी द्या’ एवढे वाक्य ठळकपणे, वारंवार येते, तर चेंगलपट्टूच्या शेतांत काय घडले असते, हा विचार प्रत्येक चित्रीकरणापूर्वी करण्याजोगा आहे.

गटात उत्तर देताना

खोट्या चित्रफितीचे खंडन करताना ती पुन्हा पुढे पाठवली जाते, ही नेहमीची चूक आहे. खंडनाचा मजकूर मागे राहतो आणि चित्रफीत पुढे जाते. त्याऐवजी एका दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर ठळक फुली मारावी व खाली चार-पाच ओळींचे उत्तर लिहावे. आरंभ योग्य माहितीने करावा. चूक काय होती ते नंतर आणि थोडक्यात. बोंडअळीच्या उदाहरणात पहिली ओळ ‘सापळ्यातील पतंग मोजा, सलग तीन रात्री आठच्या वर असल्यास कळवा’ अशी असावी. उत्तर ज्या गटात प्रश्न आला त्याच गटात द्यावे आणि त्याखाली स्वतःचे नाव, पद व तारीख लिहावी. चित्रफीत पाठवणाऱ्या सदस्याला चारचौघांत बोल लावू नये. बहुतेकदा त्याने काळजीपोटीच पाठवलेली असते, आणि एकदा ओशाळलेला शेतकरी पुढच्या वेळी न विचारता परस्पर फवारणी करतो. तपासणी पूर्ण झाली नसल्यास ‘तपासत आहोत, उद्या सायंकाळपर्यंत कळवू, तोवर वापर करू नये’ एवढे तातडीने लिहिणे पुरेसे असते. मात्र दुसऱ्या दिवशी सायंकाळी उत्तर आले पाहिजे.

अशा चित्रफितींची एक साधी नोंदवही ठेवल्यास उपयोग होतो. आलेल्या दिवसाची तारीख, पीक, केलेला दावा, कोणाकडे पडताळला, काय निष्पन्न झाले, एवढे रकाने पुरेत. एका खरिपात कोणते दावे पुन्हा पुन्हा येतात ते त्यातून दिसते, आणि पुढील मासिक चर्चासत्रात कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसमोर ठेवण्याचे प्रश्न आयते हाती लागतात. कलिंगड उत्पादक पट्ट्यांतील केंद्रांनी ही नोंद उन्हाळी लागवडीपूर्वीच सुरू करावी आणि लायकोपीन, गरातील पोकळी व सुईची शंका यांवरील दोन मिनिटांची स्वतःची चित्रफीत पहिल्या तोडणीआधी तयार ठेवावी.